छोट्या पोर्टेबल कंप्रेसरने टायरमध्ये हवा कशी भरावी: पायऱ्यांचा क्रम, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

डिकीच्या कोपऱ्यात मावणारा छोटा कंप्रेसर वापरायला इतका सोपा वाटतो की त्याची माहितीपुस्तिका बहुधा खोक्यातच राहते. मग फ्यूज उडतो, यंत्राच्या मोटारीतून जळका वास येतो, किंवा काट्यावर ३३ दिसेपर्यंत भरलेली हवा दुसऱ्या दिवशी २८ निघते आणि यंत्र टाकाऊ ठरवले जाते. या तक्रारींच्या मुळाशी गेले तर बहुतेक वेळा एखादी पायरी गाळलेली असते किंवा मागेपुढे झालेली असते. हा लेख मुख्यतः मोटारगाडीच्या टायरसाठी आहे. सायकल आणि स्टेपनी यांच्याविषयी जे वेगळे आहे ते शेवटाकडे सांगितले आहे.

आधी एवढे समजून घ्यावे

या यंत्रात हवा साठवणारी टाकी नसते. एक लहान मोटार दातेरी चाकांच्या मदतीने अंगठ्याएवढा पिस्टन वरखाली करते. पिस्टन खाली येताना पातळ पोलादी पट्टीची एक झडप उघडून बाहेरची हवा आत येते, आणि वर जाताना तीच हवा दाबली जाऊन दुसऱ्या झडपेतून नळीत ढकलली जाते. म्हणजे लागणारी हवा ही यंत्रे त्या त्या क्षणी, एकेका फटक्यात तयार करतात. मोठ्या टाकीचा कंप्रेसर काही सेकंदांत जे करतो, त्याला इथे मिनिटे लागतात.

दुसरी गोष्ट उष्णतेची. हवा दाबली की ती तापते. २७ अंश सेल्सियसची हवा उष्णता बाहेर जाऊ न देता ३३ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर पडणारा पौंडांतला दाब) दाबली, तर तिचे तापमान हिशेबाने १४० अंशांच्या पुढे जाते. ८० पीएसआयपर्यंत दाबली तर २३० च्याही पुढे. प्रत्यक्षात सिलिंडरची भिंत यातली बरीच उष्णता शोषते, आणि म्हणूनच ती भिंत, नळीचे सुरुवातीचे टोक आणि पितळी नोझल चटका बसण्याइतके गरम होतात. पुढच्या बहुतेक सूचना या दोन गोष्टींतून निघतात: हवा हळूहळू तयार होते आणि यंत्र भराभर तापते.

पायरी १: यंत्रावरचे लेबल वाचावे

लेबलवर तीन आकडे शोधावेत. पहिला कमाल दाबाचा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ‘१५० पीएसआय’ हाच असतो आणि मोटारगाडीसाठी तो सर्वांत निरुपयोगी आहे, कारण तेवढा दाब गाडीच्या टायरला कधीच लागत नाही. दुसरा आकडा दर मिनिटाला किती लिटर हवा मिळते याचा. तो सहसा समोर काहीच दाब नसतानाचा असतो. टायरमधला दाब वाढू लागला की पिस्टनच्या वरच्या फटीत उरलेली दाबलेली हवा दर फटक्याला परत पसरते, नवी हवा आत यायला जागा कमी उरते आणि प्रवाह घटतो. तिसरा आकडा सलग चालवण्याच्या वेळेचा, आणि खरा महत्त्वाचा तोच. ‘१० मिनिटे चालू, १० मिनिटे बंद’ असे लिहिले असेल तर ती मर्यादा मोटार जळू नये म्हणून घातलेली असते.

किती वेळ लागेल याचा अंदाज आधीच बांधता येतो. टायरच्या आतली जागा ३० लिटर धरली आणि दाब २० वरून ३३ पीएसआयवर न्यायचा असेल, तर वाढ १३ पीएसआयची, म्हणजे बाहेरच्या वातावरणाच्या दाबाच्या (१४.७ पीएसआय) साधारण नऊ-दशांश. तेव्हा बाहेरची सुमारे २६ ते २७ लिटर हवा आत घालावी लागेल. प्रत्यक्ष प्रवाह मिनिटाला १५ लिटर असेल तर हे दोन मिनिटांच्या आत होते. तेच टायर पूर्ण बसलेले असेल तर सुमारे ६७ लिटर हवा, म्हणजे साडेचार मिनिटे लागतील. चारही टायर बसलेले असतील तर दहा मिनिटांची मर्यादा दुसऱ्या आणि तिसऱ्या टायरच्या मध्येच गाठली जाते, त्यामुळे विश्रांतीची वेळ आधीच ठरवून ठेवावी.

पायरी २: नेमका किती दाब हवा ते शोधावे

गाडी बनवणाऱ्याने ठरवलेला दाब बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूस किंवा माहितीपुस्तिकेत सापडतो. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे असू शकतात, तसेच पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असतो. टायरच्या बाजूवर कोरलेला दाबाचा आकडा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तो पाहून हवा भरणे ही चूक इतकी सर्रास होते की वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्यांकडूनही मी ती पाहिली आहे.

एकके नीट पाहावीत. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय आणि १०० किलोपास्कल. स्टिकरवर २.३ बार, २३० किलोपास्कल किंवा ३३ पीएसआय असे काहीही लिहिलेले असले तरी दाब एकच आहे. डिजिटल यंत्रात एकक बदलण्याचे बटण चुकून दाबले जाते, म्हणून आकड्याआधी त्याच्याशेजारचे एकक वाचण्याची सवय लावावी.

पडताळणी: पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे यंत्राच्याच एककात कागदावर लिहून झाले आहेत ना? एकेक चाक करत वाकून-उठून दमल्यावर आठवणीवर विसंबू नये.

पायरी ३: टायर थंड असतानाच मोजावे

स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी असतो. गाडी किमान तीन तास उभी असेल, किंवा जेमतेम दीड किलोमीटर आणि तेही सावकाश चालली असेल, तर टायर थंड समजावे. चालून आलेल्या गाडीत दाब ४ ते ६ पीएसआयने सहज वाढलेला असतो. तो जास्त वाटतो म्हणून हवा सोडली, तर टायर थंड झाल्यावर तेवढाच कमी पडतो.

हवामानाचाही परिणाम होतो. तापमान १० अंश सेल्सियसने उतरले की गाडीच्या टायरचा दाब सुमारे दीड पीएसआयने कमी होतो. त्यामुळे बंदिस्त, उबदार जागेत बरोबर भरलेले टायर बाहेरच्या थंडीत कमी भरते आणि त्यात यंत्राचा काही दोष नसतो.

वाटेतच टायर कमी वाटले तर पुढे सुखरूप जाण्यापुरती हवा भरावी आणि टायर थंड झाल्यावर पुन्हा मोजून दुरुस्त करावी.

पायरी ४: चाकाची पाहणी

ही पायरी घाईत सर्वांत जास्त वगळली जाते आणि तिचीच किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. गाडी सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक ओढावा. टायरचा जेवढा भाग दिसतो तेवढा सगळा पाहावा: खिळा, चीर, फुगवटा, बाजूच्या भिंतीवर गोल फिरलेली घासल्याची रेघ. खिळा रुतलेला दिसला तर तो उपटू नये, कारण भोक बुजवून ठेवण्याचे काम बऱ्याचदा तोच करत असतो; हवा भरावी आणि सावकाश दुरुस्तीच्या ठिकाणी जावे.

इशारा: हवा नसलेल्या टायरवर गाडी थोडीशीही चालवली गेली असेल, तर ते टायर उतरवून आतून तपासल्याखेरीज त्यात हवा भरू नये. अशा टायरच्या बाजूच्या भिंतीतील दोरे आतल्या आत तुटलेले असू शकतात, बाहेरून काही दिसत नाही आणि दाब वाढताच भिंत फाटते. हवा भरताना एरवीही टायरच्या भिंतीसमोर तोंड करून बसू नये. रस्त्याला टेकणाऱ्या बाजूच्या रेषेत, थोडे दूर थांबावे.

ट्यूबलेस टायरची कड रिमवरून सुटली असेल, तर या छोट्या यंत्राकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. कड जागेवर बसायला एकदम मोठा झोत लागतो आणि इथे मिळणारी हवा त्या फटीतून निघून जाते. जॅक लावून चाक जमिनीपासून उचलले की फट कमी होते आणि क्वचित काम साधते. दोन मिनिटांत दाब हलला नाही तर प्रयत्न थांबवावा.

पायरी ५: वीज जोडण्याचा क्रम

मिनिटाला पंधरा-वीस लिटर हवा देणारे यंत्र १२ व्होल्टवर १० अँपियरच्या आसपास, म्हणजे सुमारे १२० वॉट घेते. गाडीतल्या लायटर सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते २० अँपियरचा असतो. म्हणून पहिल्यांदा वापरण्याआधी यंत्राचा अँपियरचा आकडा आणि सॉकेटच्या फ्यूजचा आकडा शेजारी ठेवून पाहावेत. यंत्र जास्त घेत असेल तर ते थेट बॅटरीच्या टोकांना चिमट्यांनी जोडण्याच्या प्रकारचे असायला हवे.

क्रम असा ठेवावा. यंत्राचे बटण बंद असल्याची खात्री करावी. इंजिन सुरू करावे. त्यानंतरच प्लग सॉकेटमध्ये घट्ट बसवावा. प्लग आधीच लावून ठेवला तर इंजिन सुरू होताना व्होल्टेज कोसळते आणि पुन्हा उसळते, आणि डिजिटल यंत्राला ते मानवत नाही. चिमट्यांचे यंत्र असेल तर लाल चिमटा धन टोकाला आधी, काळा नंतर. काढताना काळा आधी. वायर पूर्ण उलगडावी, कारण वेटोळ्यातली वायर अधिक तापते.

इशारा: बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हवा भरू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दार पूर्ण उघडावे किंवा गाडी बाहेर काढावी. फ्यूज उडालाच तर त्याच आकड्याचा बसवावा. मोठा फ्यूज बसवला तर त्याच्याऐवजी वायर जळते.

स्वतःची बॅटरी असलेल्या यंत्राला यातले काही लागत नाही. मात्र निघण्यापूर्वी चार्ज पाहावा, आणि वापरानंतर बॅटरी गरम असताना लगेच चार्जिंगला लावू नये.

पायरी ६: नोझल व्हॉल्व्हवर बसवणे

व्हॉल्व्हचे टोपण काढून खिशात ठेवावे. जमिनीवर ठेवलेले टोपण घरंगळत नेमके गाडीखाली जाते. व्हॉल्व्हच्या तोंडावर माती असेल तर फडक्याने पुसावी, नाहीतर ती पिनेपाशी जाऊन बसते आणि व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही.

नोझल दोन प्रकारचे असतात. आट्यांचा नोझल फिरवत बसवताना पहिले दोन-तीन फेरे शांततेत जातात. मग आतली पिन दाबली जाते आणि फुस्स आवाज सुरू होतो. नवखा माणूस इथे दचकून हात थांबवतो आणि हवा जात राहते. उलट त्या क्षणी न थांबता आणखी एक-दीड फेरा भराभर द्यायचा असतो, की आतला रबरी वायसर व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकतो आणि आवाज बंद होतो. आवाज थांबला की पुढे पक्कड वगैरे लावून आवळू नये, वायसर चिरतो. कळीचा नोझल मात्र सरळ, तळापर्यंत दाबून मगच कळ पाडावी. तो तिरका बसला तर कळ पडते, पण हवा आत न जाता कडेने सुटत राहते.

पडताळणी: यंत्र अजून बंद आहे, अशा वेळी दाबमापकाने टायरमधला सध्याचा दाब दाखवला पाहिजे. आकडा शून्य असेल आणि टायर तर टणक असेल, तर पिन दाबली गेलेली नाही. काढून पुन्हा बसवावा.

पायरी ७: चालवावे, थांबवावे, मग वाचावे

यंत्र सपाट, कोरड्या, धूळ नसलेल्या जागी ठेवावे. वाळूत किंवा गवतावर ठेवलेले यंत्र तेच आत ओढते आणि त्याच्या थंडाव्याच्या फटीही झाकल्या जातात. मग बटण सुरू करावे.

यंत्र चालू असताना दिसणारा आकडा टायरचा नसतो. दाबमापक यंत्राच्या बाजूला असतो आणि बारीक नळीतून व व्हॉल्व्हमधून हवा ढकलायला जास्तीचा दाब लागतो, म्हणून काटा थरथरत खऱ्यापेक्षा वरचा आकडा दाखवतो. बटण बंद केले की तो झपकन खाली येऊन स्थिरावतो. तो आकडा टायरचा. ‘३३ भरले, पण २८ निघाले’ या तक्रारीचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. म्हणून एक-दीड मिनिट चालवावे, बंद करावे, पाच सेकंद थांबून वाचावे आणि पुन्हा चालवावे.

स्वस्त यंत्रावरचा दाबमापक दोन-तीन पीएसआयने चुकलेला असणे नवलाचे नाही. एक वेगळा, चांगला दाबमापक जवळ ठेवावा आणि शेवटचा शब्द त्याचा मानावा. हवे त्यापेक्षा एक पीएसआय जास्त भरून मग पिन दाबत नेमक्या आकड्यावर उतरणे सोपे जाते. नोझल काढताना थोडी हवा जाते आणि आत गेलेली हवा किंचित कोमट असते, हे दोन्ही त्यात सांभाळले जाते.

आपोआप थांबणाऱ्या यंत्राविषयी एक अनुभव सांगतो. सायकलच्या टायरसाठी मी ८० पीएसआय ठरवले होते. दुसऱ्या दिवशी तेच यंत्र गाडीला लावून बटण दाबले आणि फोन घ्यायला आत गेलो. परत आलो तेव्हा पडद्यावर ५१ होते आणि यंत्र निष्ठेने पुढे चाललेले होते, कारण त्याने कालचा आकडा लक्षात ठेवला होता. नशिबाने टायर शाबूत राहिले. तेव्हापासून ठरवलेला आकडा दर वेळी मोठ्याने वाचतो आणि यंत्र चालू असताना जागचा हलत नाही.

इशारा: मोटारीचा सूर खाली उतरला, जळका वास आला किंवा दोन-तीन मिनिटांत दाब अजिबात वाढला नाही तर ताबडतोब बंद करावे. नेमून दिलेली वेळ संपली की आणखी दोनच पीएसआय उरले असले तरी थांबावे. त्या दोनांच्या मोहात मोटारी जळतात.

पायरी ८: नोझल काढणे आणि गळती पाहणे

आधी यंत्र बंद, मग नोझल. पितळी टोक या वेळी खूप तापलेले असते. फडके धरून काढावे. आट्यांचा नोझल भराभर फिरवून काढावा, म्हणजे मधल्या फेऱ्यांत हवा कमी जाते.

नंतर व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा किंवा थुंकीचा एक थेंब ठेवावा. बुडबुडा फुगत राहिला तर पिन नीट बसलेली नाही. व्हॉल्व्हची चावी असेल तर पिन किंचित आवळावी, नसेल तर पिन एकदा झटकन दाबून सोडावी. अडकलेला कण बहुधा उडून जातो. मग टोपण लावावे. टोपण धुळीपासून व्हॉल्व्ह वाचवते, म्हणून ते हरवले तरी चालेल असे समजू नये. चारही टायर झाल्यावर पहिले पुन्हा मोजावे, एवढ्या वेळात ते निवलेले असते.

सायकल आणि स्टेपनी

सायकलच्या टायरमध्ये जागा फार थोडी असते, म्हणून दाब काही सेकंदांत चढतो आणि गाडीच्या सवयीने ‘एक मिनिट चालवू’ म्हटले तर ट्यूब फुटते. इथे पाच-पाच सेकंदांचे हप्ते करावेत. नोझल काढताना जाणारी थोडीशी हवाही इथे कित्येक पीएसआयची घट करते. दाब जास्त असल्याने यंत्र गाडीच्या टायरपेक्षा जास्त तापते, हेही ध्यानात ठेवावे.

व्हॉल्व्ह कोणता आहे ते आधी पाहावे. गाडीसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर तो श्रेडर. सडपातळ, टोकाला बारीक नट असलेला प्रेस्टा. त्याला जोडतुकडा लागतो आणि तो नट आधी सैल करावा लागतो, नाहीतर हवा आत जात नाही. साध्या सायकलच्या वॉलट्यूबच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची नळी ताणून उघडायला वेगळा दाब लागतो आणि थांबल्यावर ती बंद होते, त्यामुळे यंत्रावरचा आकडा टायरचा समजता येत नाही. तिथे अंगठ्याने दाबून पाहणे हाच उपाय.

गाडीतली अरुंद, तात्पुरती स्टेपनी बहुधा ६० पीएसआयची असते. तिच्यावरचा आकडा वाचून तेवढीच हवा भरावी. बाकीच्या चाकांएवढी भरली तर ती अर्धवटच भरलेली राहते. ती नेहमी शेवटी घ्यावी, मध्ये यंत्राला विश्रांती देऊन.

वापरानंतर

यंत्र पूर्ण थंड होईपर्यंत पिशवीत घालू नये, आणि नळी गरम असताना घट्ट गुंडाळू नये. टोकाच्या जोडापाशी तिला चीर पडते. हवा आत घेण्याच्या जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढावी. आवाज कमी व्हावा म्हणून पिस्टनमध्ये तेल टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. ही यंत्रे तेलाशिवाय चालण्यासाठी बनवलेली असतात. तेलाला धूळ चिकटते आणि तापलेल्या, दाबलेल्या हवेत तेल जळूही शकते. बॅटरीचे यंत्र उन्हात तापणाऱ्या गाडीत कायमचे ठेवू नये, आणि महिनोन्महिने वापरायचे नसेल तर बॅटरी साधारण निम्मी भरून ठेवावी.

पुढच्या वेळी मोटार नेहमीसारखी फिरते पण दाब चढत नाही असे झाले, तर आधी नोझलमधला वायसर पाहावा, मग नळीचे दोन्ही जोड साबणाच्या पाण्याने तपासावेत. दोन्ही ठीक असतील तर आतली पोलादी पट्टीची झडप किंवा पिस्टनची कडी गेलेली आहे. वायसर घरी बदलता येतो. झडपेसाठी सिलिंडरचे डोके उघडावे लागते, आणि त्याचे स्क्रू उलटसुलट आवळले तर नवी झडप बसवूनही हवा गळते.